ठाण्याच्या उजेडातून देवयानी दीर्घिका वर कशी काढावी

घोडबंदर रोडजवळच्या आमच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिकेचे ३० सेकंदांचे शंभर फोटो काढले, तर प्रत्येकात दिसतो नारिंगी उजेड आणि मधोमध कापसासारखा पुसट ठिपका. एवढ्यावर कॅमेरा ठेवून देऊ नका. २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला प्रकाश त्या फाइलींमध्ये आहे. तो वर काढायला सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पिक्सइनसाइट विकत घ्यायची घाई करू नका, आधी एकाच रात्रीचे फोटो सिरिलमध्ये चार-पाच वेळा करून बघा.

फोटो रॉ फॉरमॅटमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलींमध्येच हवेत. एक मुख्य फोल्डर करा आणि त्यात लाइट्स (lights), डार्क्स (darks), फ्लॅट्स (flats), बायसेस (biases) असे चार. ही नावं इंग्रजीत, लहान अक्षरांत, अगदी अशीच द्या, नाहीतर स्क्रिप्टला, म्हणजे सिरिलमधल्या तयार आज्ञांच्या यादीला, फोल्डर सापडत नाहीत. लाइट्स म्हणजे दीर्घिकेचे फोटो. डार्क्स झाकण लावून, तेवढ्याच सेकंदांचे, त्याच आयएसओवर आणि त्याच हवेत काढायचे. बायसेसही झाकण लावूनच, पण सर्वांत कमी वेळाचे. फ्लॅट्ससाठी लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून पहाटेच्या आभाळाकडे धरा, फोकस मात्र हलता कामा नये. लेन्सवरच्या धुळीचे डाग आणि काळवंडलेले कोपरे फ्लॅट्सशिवाय जात नाहीत.

सिरिलमध्ये घराच्या चिन्हावरून मुख्य फोल्डर निवडा आणि रंगीत कॅमेऱ्याची प्रीप्रोसेसिंग स्क्रिप्ट चालवा. तारे जुळवून सगळे फोटो एकावर एक रचले जातात. शंभर फोटोंमुळे प्रतिमेतला रवाळपणा साधारण दहापट कमी होतो. डिस्कवर भरपूर जागा मोकळी ठेवा.

तयार झालेली फाइल उघडली की पडदा काळाच दिसेल. खाली ऑटोस्ट्रेच निवडा, म्हणजे फोटो ताणला जाऊन अंधुक भाग उजळून दिसेल. हे फक्त बघण्यापुरतं असतं, फाइल बदलत नाही. आता खाडीकडचा कोपरा उजळ आणि येऊरकडची बाजू गडद दिसेल. आपल्याकडच्या फोटोंचा निकाल इथेच लागतो, म्हणून वेळ द्या. आधी कडा कापा. मग बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे आभाळाचा उजेड वजा करायच्या साधनात, नमुन्यांचे छोटे चौकोन तयार करा. दीर्घिकेवर आणि तिच्या पुसट कडेवर पडलेला प्रत्येक चौकोन राइट क्लिकने काढा. देवयानी सहा पूर्णचंद्रांइतकी लांब आहे, त्यामुळे दिसते त्याहून बरीच बाहेरपर्यंत जागा सोडा. डिग्री १ पासून, म्हणजे उजेडाच्या सर्वांत साध्या उतारापासून सुरुवात करा. दीर्घिकेभोवती काळं कडं उमटलं, तर समजा की तिचाच प्रकाश वजा झालाय. अनडू करून पुन्हा चौकोन तपासा.

त्यानंतर फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन, म्हणजे ताऱ्यांच्या माहीत असलेल्या रंगांवरून फोटोचे रंग जुळवणं. इथे इंटरनेट लागतं. गाभा पिवळसर आणि बाहेरच्या भुजा निळसर आल्या की रंग जागेवर आले.

फोटो ताणायचा तो यानंतरच. आधी ताणला की उजेडाचा डागही सोबत ताणला जातो आणि मग तो हटत नाही. ऑटोस्ट्रेच काढून दृश्य परत लिनिअर करा आणि हायपरबोलिक स्ट्रेच थोडा-थोडा, तीन-चार फेऱ्यांत द्या. आभाळ ठार काळं करू नका, गडद राखाडी राहू द्या. भुजांच्या कडा त्या राखाडीतच असतात. प्रत्येक टप्प्यावर फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा.

जून ते सप्टेंबर आभाळ बंद असतं, तेव्हा हीच फाइल पुन्हा पहिल्यापासून करा. पावसानंतर अमावास्येच्या आसपास शहराच्या उजेडापासून दूर वांगणीला गेलात, तर त्याच लेन्सने तेवढेच फोटो घ्या आणि फ्लॅट्स तिथेच नव्याने काढा. गच्चीवरचे चालणार नाहीत.