एचडी रेकॉर्डिंगची फाइल लहान करताना या चुका टाळा

टीव्हीवरून रेकॉर्ड केलेले दोन-चार कार्यक्रम डिस्क भरून टाकतात, यामागचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला 10 मेगाबिट या दराने येणारं एचडी प्रक्षेपण तासाला साधारण 4.5 जीबी जागा खातं. आकार ठरतो तो बिटरेट (सेकंदाला खर्च होणारे बिट) आणि वेळ या दोनच गोष्टींवर. म्हणून रिझोल्यूशन 1080 ओळींवरून 720 वर आणून बिटरेट तसाच ठेवला, तर फाइल तेवढीच राहते आणि बारकावे तेवढे जातात. झिप करणं तर वेळेचा अपव्यय. व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस होऊन आलेला असतो.

जाहिरातींसकट कन्व्हर्ट करणं. सगळ्यात स्वस्त बचत इथे आहे आणि बहुतेक जण तीच सोडतात. तासाभराच्या रेकॉर्डिंगमधून पंधरा मिनिटं कापली की फाइल पाव हिश्श्याने उतरते, तीही चित्राला हात न लावता. लॉसलेसकट किंवा अ‍ॅव्हिडेमक्स या सॉफ्टवेअरमध्ये फक्त की-फ्रेमवर (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवर) कापा, म्हणजे व्हिडिओ पुन्हा एन्कोड (नव्याने कॉम्प्रेस) होत नाही. कापाची जागा थोडी मागेपुढे सरकते. तेवढं चालवून घ्या.

इंटरलेसिंगकडे दुर्लक्ष. सर्वात जास्त रेकॉर्डिंग इथे खराब होतात. बरीच एचडी चॅनेल 1080आय या इंटरलेस पद्धतीने प्रक्षेपण करतात: एका फ्रेममध्ये दोन फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं), आणि ती सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा साठाव्या भागाच्या अंतराने टिपलेली. टीव्ही ती स्वतः जुळवून दाखवतो, म्हणून मूळ फाइल बघताना काही जाणवत नाही. तशीच कन्व्हर्ट केली की धावणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा कायमच्या बसतात. शिवाय त्या रेघा साठवायलाच एन्कोडर बिट खर्च करतो.

हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये डीइंटरलेस (फील्डपासून अखंड फ्रेम करणारा) किंवा डीकॉम्ब फिल्टर लावा; एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ. क्रम मात्र चुकवू नका: आधी डीइंटरलेस, मग रिझोल्यूशन कमी. उलट केलंत तर दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि नंतर कुठलाच फिल्टर त्या वेगळ्या करू शकत नाही. खेळांच्या सामन्यांसाठी ‘बॉब’ पर्याय घ्या, त्यात प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम होते आणि चेंडूची गती गुळगुळीत राहते. चित्रपटांचं वेगळं आहे. इंटरलेस म्हणून आलेल्या चित्रपटाच्या फ्रेम कित्येकदा मुळात अखंडच असतात. हालचालीच्या दृश्यावर थांबवून पाहा. रेघा नसतील तर फिल्टर नको.

सगळ्यांना एकच बिटरेट. वृत्तनिवेदकाचं स्थिर चित्र आणि फुटबॉलचा सामना, दोन्हींना सारखेच बिट दिले तर एकीकडे उधळपट्टी होते, दुसरीकडे चित्राचे चौकोन पडतात. ठरावीक आकाराचा हट्ट सोडून सीआरएफ (दर्जा सारखा ठेवून गरजेनुसार बिट देणारी सेटिंग) वापरा. एच.264 या कॉम्प्रेशन पद्धतीत 1080 साठी 20 ते 23 हा आकडा ठीक. आकडा 6 ने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते. एच.265 या नंतरच्या पद्धतीचे आकडे याच मोजपट्टीवर बसत नाहीत, तिथे वेगळी चाचणी घ्या: सर्वांत धावपळीचा दोन मिनिटांचा तुकडा काढा आणि त्यावर आकडा ठरवा. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर काम झपाट्याने उरकतो, पण त्याच दर्जासाठी सहसा मोठी फाइल देतो. घाई नसेल तर प्रोसेसरलाच राबवा.

आवाजाची काटछाट. 384 किलोबिटचा एसी-3 ट्रॅक तासाला साधारण 173 एमबी घेतो. त्याची कत्तल करून हाती काय लागणार? तसाच पुढे जाऊ द्या.

आता बिघाडांकडे. चेहरे उभट दिसत असतील तर मूळ चित्र बहुधा 1440 बाय 1080 आहे आणि ते ताणून 16:9 दाखवायचं होतं. रूपांतरात ते प्रमाण हरवलं. आवाज हळूहळू मागे पडत असेल तर रेकॉर्डिंगच्या वेळी सिग्नल तुटला होता का ते तपासा. अशी टीएस फाइल (प्रक्षेपणाच्या स्वरूपातलं रेकॉर्डिंग) आधी एन्कोड न करता एमकेव्ही या फाइल प्रकारात रिमक्स करा, म्हणजे चित्र-आवाज तसेच ठेवून नव्या फाइलमध्ये भरा, मग पुढचं काम. पुष्कळदा एवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर तुटलेल्या जागी कापून दोन्ही भाग वेगळे हाताळा.

फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर एकच फाइल 4 जीबीपलीकडे जात नाही, त्यामुळे सेट-टॉप बॉक्स रेकॉर्डिंगचे तुकडे पाडतो. हे तुकडे एकेक करून कन्व्हर्ट केले तर सांध्यावर झटका बसू शकतो. आधी जोडा.

आणि फाइल कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडत नसेल, तर सेटिंगमध्ये डोकं घालण्याआधी एक शक्यता लक्षात घ्या: अनेक सेट-टॉप बॉक्स रेकॉर्डिंग एन्क्रिप्ट करतात आणि ते त्याच बॉक्सवर चालतं. असं रेकॉर्डिंग संगणकावर लहान करता येत नाही. जागा हवी असेल तर बॉक्सच्याच मेनूमधून बघून झालेले भाग काढून टाका.