टोकियोत अमेरिकन डिटेक्टिव्ह: पोलिसी थरारकथा कशी लिहावी

पहिल्याच प्रकरणात नायकाचं पिस्तूल काढून घ्या. जपानमध्ये परदेशी पोलिसाला ना अटकेचा अधिकार, ना शस्त्र बाळगण्याचा. त्याने दार फोडून बेड्या ठोकल्या की जाणता वाचक पुस्तक मिटतो. म्हणून त्याच्या जोडीला टोकियो महानगर पोलिसांच्या पहिल्या तपास विभागातला अधिकारी द्या. खुनाचे गुन्हे तिथेच जातात. अटक, झडती, जबाब सगळं त्याच्या हातून होऊ द्या.

खरा ताण आहे कोठडीच्या मुदतीत. अटकेनंतर 48 तासांत पोलिसांनी प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवायचं, त्याने 24 तासांत न्यायाधीशाकडे कोठडी मागायची, मग 10 दिवस आणि वाढवून आणखी 10. एका गुन्ह्यासाठी 23 दिवसांपर्यंत. चौकशीच्या खोलीत आरोपीचा वकील सहसा नसतोच. अमेरिकेत ‘वकील हवा’ म्हटलं की प्रश्न थांबतात, इथे ते चालूच राहतात. नायकाची घालमेल इथूनच उभी करा. प्रकरणांना शीर्षकंही तशीच द्या: ‘दिवस 9’, ‘दिवस 17’. थरार आपोआप चढत जातो.

संवादात घात करतो तो ‘हाय’ हा ‘हो’ अशा अर्थाचा जपानी शब्द. साक्षीदार मान हलवत ‘हाय’ म्हणतो, तेव्हा अनेकदा अर्थ ‘ऐकतोय’ इतकाच असतो. नायक त्याला होकार समजतो आणि तपास भरकटतो. हा गैरसमज दुभाषी बाहेर गेलेला असतानाच घडवा, नाहीतर पटणार नाही.

गोळीबार जपून वापरा. गस्तीवरच्या पोलिसाकडे बहुधा पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर असतं, आणि तिथे एक गोळी झाडली गेली तरी बातमी होते.