युरोपातल्या ज्ञानोदयावर उत्तर लिहिताना या चुका टाळा

ज्ञानोदय म्हणजे परंपरेपेक्षा बुद्धीला आणि पुराव्याला मान देणारी युरोपातली वैचारिक चळवळ. विज्ञान आणि विवेकवाद यांनी युरोपचा विचार आणि राज्यकारभार कसा बदलला, हा प्रश्न परीक्षेत आला की बहुतेक उत्तरं एकाच रुळावरून धावतात: कोपर्निकस, गॅलिलिओ, न्यूटन, व्हॉल्टेअर, रूसो आणि शेवटचं स्टेशन १७८९ची फ्रेंच राज्यक्रांती. नावं बरोबर, सनावळी बरोबर, तरी गुण कमीच. प्रश्नात ‘कसा’ विचारलेलं असतं आणि उत्तरात तेवढंच नसतं.

चर्च विरुद्ध विज्ञान असा आखाडा रंगवणं

कोपर्निकस स्वतः कॅथीड्रलच्या सेवेत होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा १५४३चा ग्रंथ त्याने पोप तिसऱ्या पॉललाच अर्पण केला. चर्चने ‘दुरुस्ती होईपर्यंत’ म्हणून त्या ग्रंथावर बंदी घातली ती १६१६मध्ये. गॅलिलिओला जाळलं, असं अजूनही लिहिलं जातं. जाळलं ते ब्रूनो या इटालियन विचारवंताला, १६००मध्ये रोममध्ये, आणि त्याच्यावरच्या आरोपांत बरेचसे धर्मशास्त्राचे होते. गॅलिलिओला १६३३च्या खटल्यानंतर नजरकैद झाली. त्याच काळात त्याचं गतिशास्त्रावरचं पुस्तक १६३८मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापून आलं. एका राज्यात तोंड बंद केलं तर दुसऱ्या राज्यात छापखाना मिळतो, हा मुद्दा उत्तरात आला पाहिजे. गॅलिलिओच्या तोंडी घातलं जाणारं ‘तरीही ती फिरतेच’ हे वाक्य मात्र गाळा. खटल्याच्या कागदपत्रांत ते नाही.

न्यूटनलाही नास्तिक करू नका. त्याने धर्मशास्त्रावर आणि किमयेवर ढीगभर लिहून ठेवलं आहे.

शोधांची यादी देऊन थांबणं

दुर्बीण, लंबवर्तुळाकार कक्षा, गुरुत्वाकर्षण इथवर सगळे येतात. त्यापुढची पायरी लिहा: कुणाच्या शब्दावर विसंबू नका, अशा अर्थाचं ब्रीद घेऊन १६६०मध्ये लंडनला रॉयल सोसायटी ही वैज्ञानिकांची संस्था उभी राहिली, १६६६मध्ये पॅरिसला सरकारी खर्चाने विज्ञान अकादमी आली. प्रयोग साक्षीदारांसमोर करायचा आणि निष्कर्ष छापायचा, ही शिस्त रुजली. मग ‘पुरावा काय?’ हाच प्रश्न कायद्याला विचारला जाऊ लागला. १७६४मध्ये मिलानच्या बेक्कारिया या कायद्याच्या अभ्यासकाने विचारलं, की छळ करून वदवलेला कबुलीजबाब हा पुरावा कसा ठरतो? १७८६मध्ये इटलीतल्या तस्कनी राज्याने फाशीची शिक्षाच रद्द केली. विज्ञानाकडून राज्यकारभाराकडे नेणारा दुवा हवा असेल तर याहून चांगला सापडणं कठीण.

सगळे विचारवंत लोकशाहीवादी होते असं धरून चालणं

व्हॉल्टेअरचा भरवसा शहाण्या राजावर होता, जनतेवर फारसा नव्हता. लोकसत्तेचा आग्रह रूसोचा. स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होते. ‘तुमचं मत मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या हक्कासाठी मी प्राण देईन’ हे व्हॉल्टेअरचं वाक्य नव्हे. १९०६मध्ये एका इंग्रज लेखिकेने त्याची वृत्ती सांगताना ते लिहिलं.

‘प्रजाहितदक्ष हुकूमशहा’ दोन ओळींत उरकणं

हे म्हणजे विवेकाच्या नावाने वरून सुधारणा लादणारे निरंकुश राजे आणि मंत्री. मला विचाराल तर अर्धं उत्तर इथेच असायला हवं. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने १७४०मध्ये गादीवर येताच आरोपींच्या छळावर बरीच बंधनं घातली, आणि त्याच वर्षी शेजारच्या सायलेशिया प्रांतावर स्वारीही केली. ऑस्ट्रियात १७७०च्या सुमारास घराघरावर क्रमांक रंगवले गेले ते सैन्यभरतीसाठी माणसं मोजता यावीत म्हणून. तिथल्या सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८१मध्ये इतर ख्रिस्ती पंथांना मोकळीक दिली, भूदासांना, म्हणजे जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना, जमीनदाराच्या परवानगीशिवाय लग्न करण्याची आणि गाव सोडण्याची मुभा दिली. १७८४मध्ये त्याने तळ उघडणाऱ्या, पुन्हा वापरता येतील अशा शवपेट्यांचाही हुकूम काढला. हिशेबाच्या दृष्टीने चोख, पण लोक एवढे भडकले की तो मागे घ्यावा लागला. १७९०मध्ये मरण्यापूर्वी हंगेरीतल्या बहुतेक सुधारणा त्याने स्वतःच रद्द केल्या.

पोर्तुगालचं उदाहरण तर जवळजवळ कुणीच देत नाही. १ नोव्हेंबर १७५५ला लिस्बन भूकंपाने, लाटांनी आणि आगीने उद्ध्वस्त झालं. मंत्री पोंबालने गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, माणसं किती दगावली, समुद्र आधी चढला की ओसरला? शहराचा मध्यभाग सरळ, रुंद रस्त्यांनी नव्याने आखला गेला. भूकंप हा देवाचा कोप आहे, असं सांगत फिरणारा मालाग्रिदा नावाचा वृद्ध जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचा सदस्य) मात्र १७६१मध्ये गळा आवळून मारला गेला आणि त्याचं प्रेत जाळलं गेलं. शिक्षा दिली इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेने, आणि त्या वेळी तिचा प्रमुख होता पोंबालचा सख्खा भाऊ. विवेकाच्या राज्याला जुनं हत्यार चालत होतं, फक्त मूठ आपल्या हातात हवी होती.

मराठी वाचकाला याचा धागा गोव्यात सापडतो. १७५९मध्ये पोर्तुगीज राज्यातून जेझुइटांची हकालपट्टी झाली, तेव्हा गोव्यातलेही गेले. गोव्याचं इन्क्विझिशन पोंबालच्या काळात, १७७४मध्ये बंद झालं. १७७७मध्ये त्याची सत्ता गेली आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा सुरू झालं. कायमचं थांबलं ते १८१२मध्ये. वरून लादलेल्या सुधारणा किती टिकतात, या उपप्रश्नाला एवढ्या चार सनांत उत्तर मिळतं.

उत्तर लांबत चाललं तर

दीडशे शब्दांचीच मर्यादा असेल तर खगोलशास्त्र दोन वाक्यांत आटपा, बेक्कारिया ठेवा आणि जोसेफ किंवा पोंबाल यांपैकी एकच घेऊन तो नीट मांडा. दोघांना कोंबू नका. शेवटी फ्रेंच राज्यक्रांती जोडायचीच असेल, तर रिकामी तिजोरी आणि १७८८चं बुडालेलं पीक यांच्या शेजारी ज्ञानोदयाचं नाव लिहा, त्यांच्या जागी नको.