मिथुन उल्कावर्षावाच्या रात्रीची तयारी

मिथुन उल्कावर्षावाचा जोर 13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री असतो. 2026 मध्ये 9 डिसेंबरला अमावास्या येते, त्यामुळे चंद्रकोर मध्यरात्रीपूर्वीच मावळेल आणि पुढे आकाश पूर्ण काळं मिळेल. उल्का जिथून निघाल्यासारख्या भासतात तो उगमबिंदू मिथुन राशीतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ. रात्री दोनच्या सुमारास तो सर्वात उंच असतो, तेव्हा झोप संध्याकाळीच काढून घ्या.

कॅमेऱ्याची जुळणी उजेडातच उरका. लेन्स 14 ते 24 मिमी, एफ/2.8, आयएसओ 1600 ते 3200, एक्स्पोजर 15 ते 20 सेकंद, दोन फोटोंमध्ये एक सेकंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे कमी करणारी कॅमेऱ्याची सोय) बंद हवं. ते चालू राहिलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो आणि अर्ध्या उल्का सुटतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) 25 एमबीची धरली तर तासाला साधारण सव्वाचार ते पावणेसहा जीबी लागतात. 64 जीबीचं रिकामं कार्ड पुरे.

फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, व्याधाचा ठळक तारा दहापट मोठा करा, ठिपका लहानात लहान होईपर्यंत रिंग फिरवा आणि तिथेच चिकटपट्टी लावा. गारठा वाढला की फोकस सरकतो, म्हणून तासाभराने पुन्हा बघा.

खरा घात दव करतं. लेन्सची काच आकाशाकडे उष्णता सोडत भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, आणि स्क्रीन न पाहणाऱ्याला धुरकट फोटोंचा पत्ता सकाळीच लागतो. पुसून भागत नाही: काच थंडच राहते, दव पुन्हा धरतं, वर फोकसही हलतो. हीटरची पट्टी पुढच्या काचेच्या लगेच मागे, पहिल्या फोटोपासून चालू ठेवा. 5 वॉटची पट्टी 10,000 एमएएचच्या पॉवर बँकवर जेमतेम पाच तास चालते, म्हणून दोन न्या. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात. थंडीत त्या लवकर मान टाकतात.

बाकी सामान थोडकंच: आरामखुर्ची, जाड पांघरूण, लाल टॉर्च. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एकदा पाहिलं की ती मेहनत पाण्यात. नजर कॅस्टरपासून 40-50 अंश बाजूला ठेवा, कारण त्याच्या जवळच्या रेषा आखूड दिसतात. मोजणी करणार असाल तर सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, ढग आणि दिसणारा सर्वात मंद तारा नोंदवा. रेषा मनातल्या मनात मागे वाढवून कॅस्टरजवळ पोचली नाही, तर ती उल्का या वर्षावातली नव्हे, तिची नोंद वेगळ्या रकान्यात.

आवरताना कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घाला आणि उबदार खोलीत तासभर पिशवी उघडू नका, नाहीतर आत ओल धरेल. कार्ड मात्र आधीच काढून घ्या.