ड्रॅगसाठी मॅन्युअल की ऑटोमॅटिक? गिअरबॉक्स निवडताना या चुका टाळा

रोजच्या वापरातली गाडी ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैल सरळ धावायच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, न्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो गिअरबॉक्सचा. मॅन्युअल फास्ट की ऑटोमॅटिक? विचारणाऱ्याला मी आधी उलट तीन प्रश्न विचारतो. गाडी स्ट्रिपपर्यंत चालवत नेणार की ट्रेलरवर घालून? मागे टायर कोणते आहेत? आणि गाडीचा साठ फुटांचा टाइम किती? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. रननंतर मिळणाऱ्या टाइम स्लिपवरचा सगळ्यात खालचा आकडा तोंडपाठ असतो, वरचे आकडे वाचलेलेच नसतात.

खरं तर गिअरबॉक्सचा निकाल तिथेच लागतो. पहिल्या साठ फुटांत, म्हणजे साधारण १८ मीटरमध्ये, एक दशांश सेकंद वाचला तर पाव मैलाच्या शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात. वरच्या गिअरमध्ये कितीही झटपट शिफ्ट केलंत तरी सुरुवातीला गमावलेला वेळ परत मिळत नाही. म्हणून गिअरबॉक्स निवडायचा म्हणजे आधी पहिले १८ मीटर कसे काढणार हे ठरवायचं. हा विचार न करता घाईत पार्ट घेणारे दर सीझनला दिसतात आणि दरवेळी त्याच चुका करतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं स्ट्रिपसाठी आहे. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला मी कसलाही सल्ला देत नाही.

"ऑटोमॅटिक ताकद खातो" हे धरून बसणं

जुन्या, लॉकअप (कन्व्हर्टरची घसरण थांबवणारा क्लच) नसलेल्या तीन स्पीडच्या गिअरबॉक्सबद्दल यात तथ्य होतं. आतला पंप फिरवायला ताकद जाते, कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलने जोडणारा भाग, थोडा घसरतो. पण हेच सांगणारे दुसरी बाजू विसरतात. गाडी जागेवरून सुटताना टॉर्क कन्व्हर्टर इंजिनचा टॉर्क जवळपास दुप्पट करून पुढे देतो, आणि शिफ्टच्या वेळी चाकांकडे जाणारी ताकद तुटत नाही. २०१८ची डॉज डेमन फक्त आठ स्पीड ऑटोमॅटिकमध्ये आली, तीही कारखान्यातूनच ट्रान्सब्रेक (सुटेपर्यंत गाडी गिअरबॉक्समधूनच अडवून धरणारी सोय) बसवून, आणि तिचा पाव मैलाचा अधिकृत टाइम ९.६५ सेकंद. २०२०पासूनची कॉर्व्हेट तर मॅन्युअलमध्ये मिळतच नाही, तिला ड्युअल क्लच (दोन क्लचचा, गिअर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स) आहे. निव्वळ टाइम हवा असेल तर हा वाद आता संपलेला आहे. मॅन्युअल घ्यायचा तर स्वतः गिअर टाकण्यात मजा येते म्हणून घ्या. ते कारण मला पूर्ण मान्य आहे. पण "तोच फास्ट असतो" म्हणून घेऊ नका.

स्टॉलचा आकडा बघून कन्व्हर्टर उचलणं

ही चूक बघून मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ती करणाऱ्याने खर्च केलेला असतो, मेहनत घेतलेली असते, आणि गाडी आधीपेक्षा वाईट झालेली असते.

स्टॉल स्पीड हा कन्व्हर्टरवर कोरलेला कायमचा आकडा नाही. मागचं चाक अडवून धरलं असताना इंजिन कन्व्हर्टरला किती आरपीएमपर्यंत ढकलू शकतं, तो हा आकडा. म्हणजे तो इंजिनच्या टॉर्कवर अवलंबून असतो. तगड्या इंजिनमागे ४००० दाखवणारा कन्व्हर्टर अशक्त इंजिनमागे ३३००लाच थांबेल. तरीही लोक "मला ४०००वाला द्या" असं म्हणून मोकळे होतात.

एका तरुणाची गाडी मी जवळून पाहिली आहे. वजनदार सेडान, इंजिन जवळजवळ स्टॉक, ताकद ५२००च्या आसपास संपायची. एक्सल रेशो (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.०८, म्हणजे हायवेला छान आणि स्ट्रिपवर सुस्त. त्याला आवडणाऱ्या एका गाडीत मोठा कॅम (वरच्या आरपीएमला ताकद देणारा), ४.५६चा एक्सल आणि ४००० स्टॉलचा कन्व्हर्टर होता. याने त्यातला फक्त कन्व्हर्टर उचलला. रोजच्या रस्त्यावर गाडी पुढे सरकायच्या आधीच इंजिन ओरडायचं. लॉकअप नसल्यामुळे हायवेवर कन्व्हर्टर सतत घसरत राहायचा आणि ती सगळी घसरण उष्णता होऊन ऑइलमध्ये जायची. थंड करायला फक्त रेडिएटरमधला छोटा कूलर. डिपस्टिक काढून पांढऱ्या कापडावर पुसली तर लाल ऑइल तपकिरी झालेलं, आणि वास थेट करपलेला.

तोपर्यंत एका दुकानाने त्याला गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटा गेल्याचं सांगून पूर्ण ओव्हरहॉलचा सल्ला दिला होता. मी त्याला आधी हिशेब करायला लावला. शेवटच्या रेषेवर वेग १६० किलोमीटर. टायरचा व्यास ६६ सेंटिमीटर, म्हणजे घेर साधारण २०७ सेंटिमीटर. त्या वेगाला चाक मिनिटाला १२८६ वेळा फिरतं. टॉप गिअर एकास एक, गुणिले ३.०८, म्हणजे काहीही घसरत नसेल तर इंजिन ३९६०वर हवं. त्याच्या व्हिडिओत काटा ४७००वर होता. जवळजवळ १६ टक्के घसरण, तीही जिथे कन्व्हर्टर घट्ट व्हायला हवा तिथे. इंजिन रेषेपर्यंत त्या कन्व्हर्टरच्या सैल पट्ट्यातून बाहेरच येत नव्हतं.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा प्लेटा काळवंडल्या होत्या, पण मूळ दोष त्यांचा नव्हता. नव्या प्लेटा टाकून तोच कन्व्हर्टर ठेवला असता तर त्याही तशाच गेल्या असत्या. शेवटी त्याने एक्सल ३.७३चा केला आणि २६००च्या आसपास स्टॉल होणारा कन्व्हर्टर बनवून घेतला. आता त्याच वेगाला बिनघसरणीचा आकडा ४८०० येतो, थोडी घसरण धरली तर ५१००, म्हणजे बरोबर त्याच्या इंजिनचा जोर असतो तिथे.

माझी पद्धत अशी आहे. कन्व्हर्टर बनवणाऱ्याला स्टॉलचा आकडा सांगायचाच नाही. त्याला गाडीचं ड्रायव्हरसह वजन, इंजिनचा टॉर्क कुठल्या आरपीएमला किती, एक्सल रेशो, टायरची उंची आणि आठवड्यातून किती वेळा रस्त्यावर चालवणार हे लिहून द्यायचं. यातलं काही न विचारता जो डबा पुढे करतो त्याच्याकडून घेऊ नका. वेगळा ऑइल कूलर आणि तापमानाचा गेज त्याच दिवशी बसवा. ऑइल ८० ते ९५ अंशांत राहिलं तर गिअरबॉक्स सुखात असतो. ११५च्या वर ते झपाट्याने खराब होऊ लागतं. गेजशिवाय फिरणाऱ्याला हे कळतं ते शिफ्ट लांबायला लागल्यावरच.

मॅन्युअलला स्लिक्स लावून क्लच धाडकन सोडणं

रस्त्याचा साधा टायर ताकद जास्त झाली की फिरतो. त्याचा सगळ्यांना राग येतो, पण ड्राइव्हलाइनचा फ्यूज तोच असतो. स्लिक्ससारखा चिकट ड्रॅग टायर लावला की तो फ्यूज निघून जातो. मग ५००० आरपीएमला क्लचवरून पाय घसरवला तर फ्लायव्हीलमध्ये साठलेला सगळा झटका गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, एक्सलमधला पिनियन आणि चाकं फिरवणारे हाफ शाफ्ट यांच्यावर एकदम जातो. यातला सगळ्यात कच्चा दुवा तुटतो. ऑटोमॅटिकमध्ये हा झटका कन्व्हर्टरमधलं ऑइल बऱ्याच अंशी गिळतं, म्हणूनच त्याच ताकदीची ऑटोमॅटिक गाडी स्टॉक एक्सलवर जास्त दिवस काढते.

हाफ शाफ्ट तुटल्यावर लोक काय करतात? आणखी जबर, पकवाला (अखंड अस्तराऐवजी सुट्या पॅडचा), स्प्रिंग नसलेला क्लच घालतात. "क्लच घसरतोय, टाइम जातोय" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. आता धक्का आणखी कोरडा होतो आणि पुढचा पार्ट तुटतो. अशा क्लचने ट्रॅफिकमध्ये गाडी चालवणंही शिक्षा होते, मग गाडी आठवडाभर झाकून ठेवली जाते. रोजची गाडी म्हणून घेतलेली गाडी रोज चालवता येत नसेल तर ती निवड चुकलेलीच आहे.

मी नव्या माणसाला २५००पासून सुरुवात करायला सांगतो, मग दर रनला थोडं थोडं वर. क्लच सोडायचा म्हणजे टाकायचा नाही. पकड सुरू होते त्या जागी पाय क्षणभर थांबवून मग पूर्ण सोडायचा. प्रत्येक रनचा लॉन्च आरपीएम, टायरची हवा आणि साठ फुटांचा टाइम वहीत लिहायचा. हे कंटाळवाणं आहे. एका दुपारीत रेकॉर्ड काढायला आलेल्यांना ते नकोच असतं, आणि टो करून परत जाणाऱ्यांत त्यांचाच भरणा असतो. मागची चाकं उड्या मारायला लागली, तर "सुटेल पुढे" म्हणून पाय दाबून ठेवू नका. तिथल्या तिथे सोडा. हाफ शाफ्ट त्याच उड्यांत जातात.

नवीन क्लच बसवून थेट स्ट्रिपवर येणं हा याच चुकीचा भाऊ. बनवणाऱ्याने सांगितलेले किलोमीटर आधी शहरात, थांबत-सुटत काढा.

मुठीने गिअर ओढणं

तिसऱ्यातून चौथा टाकताना घाईत दुसरा पडला, तर काय होतं याचा हिशेब करा. दुसरा १.७८, तिसरा १.३०, इंजिन ६५००वर. चुकून दुसरा पडून क्लच सुटला की चाकं इंजिनला ८९००वर फिरवतात. रेव्ह लिमिटर इथे काहीही करू शकत नाही. तो फक्त इंधन किंवा स्पार्क तोडतो, आणि इथे इंजिनला चाकं फिरवत असतात. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि इंजिन संपतं. लिव्हर तळव्याने सरळ रेषेत न्या, मूठ आवळू नका. मधल्या गेटवर स्प्रिंग त्याला आपोआप आणते. इंजिनचे माउंट मऊ पडले असतील तर जोर लागल्यावर इंजिन हलतं आणि गिअर बसेनासे होतात. महागडा शॉर्ट शिफ्टर घ्यायच्या आधी माउंट बघा.

अॅक्सिलरेटर न सोडता शिफ्ट करायचा मोह स्टॉक सिंक्रोवर (गिअरचे वेग जुळवणाऱ्या मूळ रिंगांवर) टाळा. वाचतो तो वेळ गिअरबॉक्स उघडण्यात दामदुप्पट जातो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

ब्रॅकेट रेसिंग करायचं आणि मॅन्युअल घ्यायचा. तिथे आपण सांगितलेल्या टाइमच्या जितकं जवळ राहता येईल तितकं चांगलं. त्यापेक्षा फास्ट गेलात तरी बाद होऊ शकता. सारखे रन ऑटोमॅटिक देतो. माणसाचा डावा पाय उन्हात आणि संध्याकाळी सारखा चालत नाही.

दोन स्पीडचा पॉवरग्लाइड रस्त्याच्या गाडीत टाकणं. त्याचा पहिला गिअर १.७६ किंवा १.८२, तीन स्पीडच्या टीएच-४०० ऑटोमॅटिकचा २.४८. पॉवरग्लाइड हलका आहे, ताकद कमी खातो, पण तो हलक्या आणि टॉर्कवाल्या गाडीसाठी. जड गाडी ३.७३च्या एक्सलवर त्याने सुटतच नाही.

बजेटमध्ये फक्त गिअरबॉक्स धरणं. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमांत ११.४९ सेकंद किंवा त्याहून फास्ट मॅन्युअल गाडीला फ्लायव्हीलभोवती प्रमाणित कवच लागतं, आणि १०.९९ किंवा त्याहून फास्ट ऑटोमॅटिकला गिअरबॉक्सचं. नियम नसता तरी मी ते घातलंच असतं. फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे पायांच्याच बाजूला येतात. प्रोपेलर शाफ्टची लांबी, क्रॉस मेंबर, वायरिंग, ट्यूनिंग हे सगळं वेगळं.

सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) गाडीला स्लिक्स. करू नका.

ड्युअल क्लचवर लागोपाठ लॉन्च कंट्रोल (सुटताना आरपीएम आणि क्लच आपोआप सांभाळणारी सोय) वापरणं. क्लच तापले की कॉम्प्युटर ताकद कमी करतो आणि माणूस ट्यूनला दोष देतो. मध्ये गाडी थंड होऊ द्या.

ऑटोमॅटिकचा बर्नआउट (टायर तापवायला चाकं जागेवर फिरवणं) पहिल्या गिअरमध्ये करणं, किंवा फिरती चाकं पाण्यातून थेट कोरड्या जागी नेणं. पकड एकदम आली की आतला स्प्रॅग (एकाच दिशेने फिरू देणारा क्लच) तुटू शकतो. दुसरा टाका, चाकं फिरू लागली की हळूच बाहेर या आणि पाय सोडा.

शेवटची रेष ओलांडल्यावर लिव्हर न्यूट्रलला टाकणं. अनेक तीन स्पीडच्या रेसिंग गिअरबॉक्समध्ये त्या वेगाला न्यूट्रल केलं की आतला ड्रम इंजिनपेक्षा कितीतरी वेगाने फिरू लागतो आणि फुटू शकतो. गिअरमध्येच ठेवा, पाय सोडा, आणि ब्रेकने गाडी आवरा.