फूड कोर्टात टोकन बुडालं तर काय करायचं

मी २६ वर्षं वीजबिलाच्या तक्रारी घ्यायच्या खिडकीत बसले. खिडकीच्या आत. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसवर आणि बिल दुप्पट आलेलं, अशा वेळी माणूस कसा येतो ते मला पाठ आहे. जो ओरडत यायचा त्याचं काम मी नियमाप्रमाणे करायची. जो बिल, जुनी पावती आणि एक वाक्य घेऊन यायचा, त्याचं काम चहाच्या आधी उरकायची. हे कबूल करायला आता हरकत नाही, निवृत्त झाले.

गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः खिडकीच्या बाहेर उभी होते. रविवार होता, घरच्या कूलरची मोटर जळाली होती, म्हणून सासूबाईंना घेऊन मॉलमध्ये थंड हवा खायला गेलो. त्यांना मसाला डोसा हवा होता. एक डोसा १५०, एक छोले-भटुरे १८०, दोन लस्सी १२०. टोकन ६४. वीस मिनिटांनी छोले-भटुरे आणि लस्सी आली. डोसा नाही. मग स्क्रीनवर ६५, ६६, ६७ लागले. निळ्या-लाल टी-शर्टातले डिलिव्हरीवाले पिशव्या उचलून चालले होते आणि सासूबाई लस्सीचा रिकामा ग्लास फिरवत बसल्या होत्या. चाळीस मिनिटांनी मी काउंटरवर गेले.

"काकू, सिस्टममध्ये डिलिव्हर झालं दाखवून राहिलं," पोरगा म्हणाला आणि परत मोबाईलमध्ये.

माझी चूक इथेच झाली होती, ती तुम्ही करू नका. पहिली ताटली हातात देताना काउंटरवाला पूर्ण टोकनच 'दिलं' म्हणून दाबून टाकतो आणि आतल्या माणसासाठी तुमचा डोसा संपतो. म्हणून अर्धीच ऑर्डर आली तर ताटली उचलायच्या आधी म्हणायचं, "भाऊ, डोसा बाकी आहे, केओटीवर लिहून ठेव." केओटी म्हणजे आतल्या स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी. पावती त्याला देऊन टाकायची नाही. आणि तिचा फोटो बसल्या जागी काढायचा. हा कागद उष्णतेने छापला जातो, पर्समध्ये हळूहळू पुसट होतो. नागपूरच्या उन्हात गाडीत ठेवला तर आणखी लवकर खराब होतो.

फोटोत चार गोष्टी वाचता आल्या पाहिजेत: दुकानाचं नाव, वेळ, जीएसटी नंबर आणि एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक. हा क्रमांक बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. मॉलमधल्या पाटीवरचं नाव एक आणि बिलावरचं नाव दुसरंच, असं पुष्कळदा असतं. तक्रार बिलावरच्या नावानेच करायची.

आता बोलायचं कोणाशी? मोबाईलवाल्या पोराशी नाही. त्याच्या हातात पैसे परत करायचा अधिकारच नसतो. अनेक ठिकाणी बिल रद्द करायचा पासवर्ड फक्त शिफ्ट मॅनेजरकडे असतो. त्या पोराला झापून तुमचं मन हलकं होईल, डोसा येणार नाही. मी त्याला एवढंच विचारलं, "बाळा, शिफ्ट मॅनेजर कोण आहे? बोलाव, मी इथेच उभी आहे." रांगेच्या तोंडाशी नाही, बाजूला उभं राहायचं. पण दिसेल असं.

मॅनेजर आला की तीन वाक्यं पुरतात. "६४ नंबर, एक वाजून दहाची पावती. दोन वस्तू मिळाल्या, डोसा चाळीस मिनिटांत मिळाला नाही. डोशाचे पैसे परत द्या." डोसा हवा की पैसे, हे आधी ठरवून जायचं. दोन्ही मागितलं की समोरचा कूपन देतो, पुढच्या वेळी लस्सी फुकट म्हणतो आणि आपण गप्प बसतो. तुमचा पोरगा कसा उद्धट आहे, आम्ही किती वर्षांपासून येतो, हे काही सांगायचं नाही. खिडकीच्या आत बसून सांगते, विशेषणं कोणी लिहून घेत नाही. वेळ आणि रक्कम लिहून घेतात.

तो "सिस्टममध्ये डिलिव्हर दाखवतं" म्हणालाच तर "वरचा कॅमेरा बघू या" एवढं म्हणायचं. बहुतेक वेळा कॅमेरा बघावा लागत नाही. मला त्याने डोशाचे १५० आणि त्यावरचा पाच टक्के कर, म्हणजे १५७ रुपये ५० पैसे परत दिले.

पण तोवर मी बिल नीट वाचलं होतं. ४५० च्या मालावर ५ टक्के सर्व्हिस चार्ज, २२.५०. आणि त्या बेरजेवर जीएसटी, २३.६३. एकूण ४९६. आता सांगा, ताट मी उचलून आणलं, टेबल मी टिश्यूने पुसलं, मग सर्व्हिस कोणी केली? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत: सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही आणि तो मिळवून वर जीएसटी लावायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या वैध ठरवल्या. द्यायचा की नाही ही तुमची मर्जी. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, हा सिस्टममधून निघत नाही." मी म्हटलं, "बरं, तसं लिहून द्या." लिहून दिलं नाही, पण नाव सांगितलं. मी त्याच्यासमोर पावतीच्या मागे नाव आणि वेळ लिहिली.

पाण्याच्या बाटलीवर मात्र भांडू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून लोक लाल होतात, पण हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलं तर जास्त दर घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच म्हटलं आहे. घरून बाटली न्या.

काउंटरवर भागलं नाही तर मॉलचा कस्टमर केअर डेस्क, बहुधा तळमजल्यावर. स्टॉलवाला मॉलचा भाडेकरू असतो, त्यामुळे मॉलचा ईमेल त्याला झोंबतो. ईमेल सहा ओळींचा, फोटो जोडून.

त्यानंतर १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. व्हॉट्सअ‍ॅप ८८००००१९१५. मी फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, तो कॅलेंडरवर लिहून ठेवला. हे लोक दंड करत नाहीत, कंपनीला तक्रार पाठवून उत्तर मागतात. स्थानिक दुकानाचं मुख्य कार्यालय जागं व्हायला तेवढं पुरतं. अकराव्या दिवशी फोन आला आणि सर्व्हिस चार्ज आणि त्यावरच्या कराचे उरलेले २४ रुपये यूपीआयवर आले. आमचे हे म्हणाले, "बाप्पा, चोवीस रुपयांसाठी एवढं? आता तर्री-पोह्याची एक प्लेट खाऊन ये." खाल्ली.

डोशात झुरळ निघालं किंवा खाऊन पोट बिघडलं तर रस्ता वेगळा. तिथे पैशाचं नंतर, आधी अन्न व औषध प्रशासन, टोल फ्री १८००२२२३६५, आणि त्या १४ आकडी क्रमांकासकट. ताटाचा फोटो, डॉक्टरची चिठ्ठी, औषधाची पावती ठेवायची. उरलेला पदार्थ कचऱ्यात टाकू देऊ नका.

आणि कोणी ऐकतच नसेल, रक्कम मोठी असेल, एखाद्या वाढदिवसाच्या पार्टीचे पैसे बुडाले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोग. आपलं नागपूरचं सिव्हिल लाइन्सला आहे, पण ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार टाकता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागत नाही. आधी दुकानाला स्पीड पोस्टाने एक नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि पोस्टाची पावती त्या बिलाच्या फोटोशेजारी ठेवा.