गिटारचं पिक बदललं आणि 'टक-टक' थांबली

माझ्या अकूस्टिक गिटारवर कॉर्ड्सचं स्ट्रमिंग (सगळ्या तारा एकत्र छेडणं) झकास वाजायचं. पण एकेक तार छेडत सोलो घेतला की प्रत्येक सुराआधी प्लास्टिकची 'टक' ऐकू यायची आणि सूर लयीच्या किंचित मागे पडायचा. गिटारसोबत मिळालेलं पिक (तारा छेडायची छोटी चकती) एवढं पातळ होतं की तारेला लागताच वाकायचं, सरळ होईपर्यंत पुढची तार हुकायची.

मग डनलॉप कंपनीच्या टॉर्टेक्स प्रकारातली वेगवेगळ्या जाडीची पिक्स आणली. त्यात रंगावरून जाडी कळते: नारिंगी ०.६० मिमी, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १.०. स्ट्रमिंगला पिवळंच हाताला बसलं. निळ्याने स्ट्रमिंग केलं तर खालच्या बारीक तारा कानात घुसतात. सोलोला मात्र निळं, किंवा त्याहून जाड, लहान आणि टोकदार 'जॅझ थ्री' पिक (१.३८ मिमी). ते न वाकता तार सोडतं, त्यामुळे 'टक' गेली. 'क्वीन' बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे तर चक्क सहा पेन्सचं नाणं वापरतो!

मुंबईच्या घामट हवेत सेल्युलॉइड नावाच्या प्लास्टिकचं गुळगुळीत पिक बोटांतून सटकायचं, टॉर्टेक्सचा खरखरीत पृष्ठभाग टिकून राहतो. पकडही बदलली: टोक बोटांबाहेर जेमतेम ३-४ मिमी, तारेला थोडं तिरकं. जाड पिकला तिरका कोन हवाच, नाहीतर ते तारेत अडकतं. टोक झिजून एका बाजूने कललं की आवाज बोथट होतो. तेव्हा सरळ नवीन घ्या, एवढ्याशा पिकसाठी काय घासत बसायचं.